सिलिंडरच्या ट्रॉलीवरचं गाणं

“पैसे किती मिळाले रे?”

खालच्या मजल्यावरचा मुलगा दोन-दोन पायऱ्या चढत वर आला होता. हातात मोबाइल, पायांत चपला नाहीत, आणि दारातूनच, “काकू, व्हिडिओला ६ लाख झाले!” मी कणीक मळत होते. हात बरबटलेले, म्हणून त्यानेच मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. मी आकडा पाहिला आणि तोंडातून पहिलं काय निघालं, तर हा प्रश्न. तो रागावला नाही. “नाही काकू, अजून नाही,” म्हणाला आणि नीट समजावून सांगायला लागला. यूट्यूबवर पैसे मिळायला चॅनेलला १००० सबस्क्रायबर लागतात, वर्षभरात लोकांनी ४००० तास बघितलेलं लागतं, ते आता कुठे पूर्ण झालंय, आता अर्ज करायचा, मग ते तपासणार, आणि मंजूर झालं तरी आधीच्या व्ह्यूजचं काही मिळत नाही. सगळं सांगितलं, ‘येतो काकू’ म्हणाला आणि गेला. वर येताना पायांत जो वेग होता तो उतरताना नव्हता. एक एक पायरी. अनवाणी पायांचा तो आवाज मी कणकेच्या गोळ्यावर हात तसाच ठेवून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आधण ठेवताना ते वाक्य परत कानात आलं, आणि एकदम लक्षात आलं की तो माझा आवाज नव्हताच. तो अण्णांचा होता, माझ्या वडिलांचा. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

पण आधी व्हिडिओचं सांगते, कारण तो बनताना मी तिथे होते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठ-दहा दिवसांवर आली होती. मी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो आंबूस वास, चीक शिजल्यावर हाताला लागलेला चटका, पितळी सोऱ्या फिरवून फिरवून भरून आलेला दंड, हे सगळं सकाळीच उरकलं होतं आणि दुपारपासून मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. सिडकोतल्या आमच्या गच्चीवरून एका बाजूला पांडवलेणीचा डोंगर दिसतो. चार वाजता ही मंडळी वर आली. मुलगा, त्याचा एक मित्र, आई, नऊ वर्षांची धाकटी बहीण, आणि सटाण्याकडून राहायला आलेली आजी. वडील मागून आले, अंबडच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून, गणवेश अजून अंगावरच. मुलाने माझ्याकडे येऊन विचारलं, “काकू, तुमचा सोऱ्या मिळेल? त्याचा आवाज पाहिजे.”

सोऱ्याचा आवाज! मी इतकी वर्षं कुरडया घालतेय, त्या मळसूत्राला तेल लागलं नाही की ते कुईं कुईं करतं म्हणून वैतागतेय, आणि ह्या पोराला नेमकं तेच हवं होतं. त्याने सोऱ्या कानाशी धरून फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी तबला लावणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

गाणं आजीचं होतं. आखाजीचं, अहिराणीतलं, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर म्हणतात ते. कैरीचं, झोक्याचं, झुळझुळ पाण्याचं. त्याने आधी सिनेमाचं गाणं घ्यायचं ठरवलं होतं, पण त्यावर कॉपीराइटचा क्लेम येतो, म्हणून आजीला विचारलं. आजीच्या गाण्यावर कोण क्लेम करणार? ताल मात्र घरातलाच. आईचा खलबत्ता, वडिलांच्या हातात पोह्यांचा स्टीलचा डबा, माझा सोऱ्या, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी कुकरची शिट्टी. त्याने मला नियम सांगितला, “जो आवाज ऐकू येतो तो दिसलाच पाहिजे, काकू. आणि जो दिसतो तो खराच वाजलेला पाहिजे.” हा नियम त्याचा नव्हे. पॉम्प्लमूस नावाच्या एका अमेरिकन जोडीचा. जॅक काँटे आणि नॅटली डॉन हे दोघं घरातच वाद्यं मांडून गायचे, एकेक तुकडा टिपून जोडायचे आणि तो जोडही लपवायचे नाहीत. ओठ हलवून खोटं गाणं नाही, न दिसणारं वाद्य नाही. मला हा नियम फार आवडला. स्वयंपाकात आपण हेच करतो की. जे पडलंय तेच लागतं जिभेला.

कॅमेरा म्हणजे मोबाइल, आणि मोबाइल कशावर, तर गॅस सिलिंडरच्या ट्रॉलीवर. ती चाकांची गोल ट्रॉली, आपण सिलिंडर ओट्याखाली ढकलतो ती. तिच्यावर पिठाचा डबा, डब्याला रबरबँडने बांधलेला मोबाइल, आणि ट्रॉलीला नायलॉनची दोरी. मित्र दोरी धरून उलटा चालत जाणार, ट्रॉली मागोमाग घरंगळत येणार, आणि वाटेत एकेक माणूस आपापलं वाद्य वाजवताना दिसणार. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीवर आजी. कट नाही, सगळं एका दमात. गच्चीच्या कोब्यावर चाकं खडखडायला लागली तेव्हा आईने खाली जाऊन सतरंजी आणली आणि पट्टी करून अंथरली.

अडलं ते शिट्टीपाशी. छोट्या सिलिंडरवर कुकर चढवला होता, पण शिट्टी काही केल्या वेळेवर होईना. कधी पहिल्याच ओळीत, कधी गाणं संपून सगळे थांबल्यावर. आठ वेळा झालं. मुलगा मोबाइलमध्ये सेकंद मोजत होता, मित्र ज्योत कमी-जास्त करत होता. शेवटी आई खलबत्ता खाली ठेवून म्हणाली, “थांबा रे. मी सांगते तेव्हा सुरू करा.” तिने कुकरकडे बघितलंसुद्धा नाही. कान दिला फक्त. आत वाफ कोंडायला लागली की आधी झाकणाच्या कडेने एक बारीक फुरफुर येते, मग ती बंद होते, मग शिट्टीचं वजन थरथरतं. रोज दोन वेळा कुकर लावणाऱ्या बाईला हे घड्याळापेक्षा पक्कं कळतं. “हं, आता,” ती म्हणाली, आणि गाणं सुरू झालं, आणि पहिल्या कडव्याच्या शेवटच्या अक्षरावर शिट्टी झाली. आजीने गाता गाता भुवया उंचावल्या. तोच नववा टेक, तोच लोकांनी पाहिला.

मुलगा त्या आठ वेळांनी खचला नव्हता. २००६ साली ओके गो नावाच्या बँडच्या चार जणांनी ८ ट्रेडमिलवर नाच केला होता, तोही असाच न थांबता, एका दमात. गायकाच्या बहिणीने नाच बसवला, तिच्याच घरी चित्रण झालं, आणि नीट जमला तो १७ वा प्रयत्न. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. “त्यांचे १७, आपले ९च,” हे तो मित्राला सांगत होता. मी नंतर ते पाहिलं. कपडे साधे, खोली साधी, मागे चंदेरी पडदा लावलेला. नाचणारे नाचण्यात इतके गढलेत की हसायची फुरसत नाही. पण मला सारखं वाटत राहिलं, ही आठ अवजड यंत्रं घरात आणताना दार काढायला लागलं असेल का? ओळीत लावताना फरशीवर खडूने खुणा कुणी केल्या असतील?

असल्या गोष्टींकडे माझं लक्ष जातं त्याला कारण आहे. मी लाइट धरलेली मुलगी आहे.

दादाने कॉलेज सोडून लग्नाचं व्हिडिओ शूटिंग सुरू केलं तेव्हा आम्ही जुन्या नाशकात तिवंध्याजवळच्या वाड्यात राहायचो. खांद्यावर घ्यायचा व्हीएचएस कॅमेरा, तोही भाड्याने, आणि एक हजार वॅटचा हॅलोजन. लाइटबॉयला द्यायला पैसे नसत, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी. हात डोक्याच्या वर ताठ, मागे वायरचं वेटोळं, आणि त्या दिव्याची आच कपाळावर अशी यायची की घरी आल्यावर भुवयांना करपल्याचा वास येतोय असं वाटायचं. नवरा-नवरी डोळे मिचकावत, बायका पदर कपाळावर ओढत. दादा कॅमेऱ्याला डोळा लावून एवढंच म्हणायचा, “जरा वर... जरा वर.” दहा मिनिटांनी दंड थरथरायला लागत. ते थरथरणं कॅसेटमध्ये दिसायचं. मंगलाष्टकांच्या वेळी भिंतीवरच्या सावल्या हलतात, त्या अक्षतांच्या नव्हेत, माझ्या दंडाच्या. आणि त्या कॅसेटी तरी काय होत्या? घरगुती गाण्यांचे व्हिडिओच. मिक्सिंगला गेलं की हळदीला एक गाणं, पाठवणीला एक, बदामाच्या आकारात नवरीचं तोंड गोल गोल फिरतंय. बघणारं घर मात्र एकच, आणि शेजारपाजार.

१९९१ च्या दिवाळीनंतर कॅमेरा दोन दिवस जास्तीचा राहिला, तेव्हा दादाने आईचं गाणं केलं. पडवीत जुनं जातं होतं, वापर केव्हाच थांबलेला. आईने मूठभर गहू घातले आणि ओव्या म्हटल्या. हॅलोजन थेट मारला की आई भुतासारखी दिसते म्हणून दादाने अण्णांचं धुतलेलं धोतर वलणीवर ताणलं आणि मला सांगितलं, उजेड आईवर नाही, धोतरावर टाक. मी टाकला. आणि पडवी बदलली. दूध सांडल्यासारखा मऊ उजेड आईच्या गालावर आला, बांगड्यांवर आला, जात्याच्या कडेने सांडणाऱ्या पिठावर आला. पीठ हवेत उडत होतं तेही दिसायला लागलं. मिक्सिंगला पैसे नव्हते, म्हणून दादाने कॅमेऱ्यातच थांबवून, चालू करून तुकडे जोडले. जातं, आईचा हात, मग एकदम गंगेवरची, म्हणजे गोदाकाठची, कबुतरं उडताना, परत जातं. सात मिनिटांचं. त्या रात्री वाड्यातली दहा-बारा माणसं आमच्या खोलीत दाटीवाटीने बसून ते बघत होती. आई मोरीत भांडी घासत बसली. मी गेले तर म्हणाली, “माझा आवाज असा येतो का गं?” आणि राख लागलेल्या हाताने पदर तोंडाशी धरला.

अण्णांनी सगळं पाहिलं. मग म्हणाले, “छान आहे. पण ह्याचे पैसे कोण देणार?”

अण्णा नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला. रोज सायकलने स्टेशनच्या बाजूला जायचे, झडती देऊन आत, झडती देऊन बाहेर. दिवसभर डोळ्यांसमोरून इतके रुपये जायचे की त्यांचा हिशेब आमच्या घरात कुणाला जमला नसता, आणि त्यातला एकही आपला नाही. आता मला कळतं की तो प्रश्न टोचून विचारलेला नव्हता. तो काळजीचा होता. पण काळजीचा प्रश्नही लागायचा तिथेच लागतो. पुढच्या रविवारी ओझरला लग्न होतं, नवी तीन तासांची कॅसेट घ्यायला हातात पैसे नव्हते, आणि दादाने त्याच कॅसेटवर लग्न चढवलं. मला ते मांडवात कळलं, त्याने कॅसेट आत सरकवली तेव्हा. कव्हरवर माझ्याच अक्षरात ‘आई’ लिहिलेलं होतं. मी काही बोलले नाही. हॅलोजन उचलला. आई जाऊन आता चौदा वर्षं झाली. तिचे फोटो आहेत. आवाज कुठेच नाही.

तर, तो प्रश्न मी विचारला. तोच, तेव्हाच्या दादाच्या वयाच्या दुसऱ्या पोराला.

पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस, नाशकातच १९४४ साली गेला. पहिला चित्रपट १९१३ चा, हे पाठ होतंच. पण तो चित्रपट किती घरचा होता हे मला फार नंतर कळलं. विलायतेला जाऊन कॅमेरा आणायचा म्हणून विम्याची पॉलिसी गहाण. पैसे लावणाऱ्यांना पटावं म्हणून आधी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्या रोपाची रोज थोडी थोडी छबी टिपून अंकुर वाढताना दाखवला. पडद्यावर हरिश्चंद्राचा मुलगा म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगा. आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! फिल्मला भोकं पाडायची त्यांनी, अंधाऱ्या खोलीत रसायनांत ती धुवायची त्यांनी, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांचा, दागिने मोडायला काढून दिले ते त्यांचे, आणि चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हात उभं राहायचं, उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून, तेही त्यांनीच. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन्ही दंड आपोआप दुखले. भारतातल्या सिनेमाचा पहिला उजेड एका घरच्या बाईने चादरीवरून परतवलेला आहे, आणि ती बाई पडद्यावर कुठेच नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांनी काय वेगळं केलं? यंत्रमागाचं गाव, शुक्रवारची सुट्टी, साधा व्हिडिओ कॅमेरा. ट्रॉली नाही म्हणून सायकल, क्रेन नाही म्हणून बैलगाडी. त्यांच्या त्या उद्योगाची कहाणी पुढे जगभर गेली, पण त्या फिल्मा आधी गावातल्या माणसांनी गावातच, आपल्या ओळखीची तोंडं पडद्यावर बघायला बघितल्या. आता तीच हौस मोबाइलवर आलीय. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि खानदेशातल्या, बागलाण-कळवणकडच्या पोरांची अहिराणी गाणी कोटींच्या घरात बघितली जायला लागली. नाशकातल्या हळदीला आज डीजे अहिराणी गाणं लावल्याशिवाय सुटत नाही. माझ्या लहानपणी वर्गातली सटाण्याची मुलगी अहिराणी बोलताना आवाज बारीक करायची, कुणी हसेल म्हणून. तिची आठवण मला त्या गच्चीवर आली. आजी मात्र खणखणीत गात होती.

हे एवढं पसरतं कसं, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. विरजणासारखं असावं. शेजारीण वाटी घेऊन येते, चमचाभर नेते, तिच्याकडचं तिची जाऊ नेते, आणि महिन्याभरात कुठल्या कुठे लागलेल्या दह्यात आपल्या घरची आंबट चव असते. त्या ट्रेडमिलवाल्यांच्या रेकॉर्ड कंपनीने मध्येच बंदी घातली होती, की आमचा व्हिडिओ दुसऱ्या कुणी आपल्या पानावर लावायचा नाही, बघायचा तर आमच्या जागी येऊन बघा. गायक डेमियन कुलाश यांनी २०१० मध्ये लिहिलं की त्यानंतर बघणारे ९० टक्क्यांनी घटले. वाटी द्यायची बंद केली की विरजण घरातच आंबून जातं. त्याच वर्षी ते कंपनीतून बाहेर पडले. आणि पॉम्प्लमूसच्या जॅक काँटे यांनी महिनोन् महिने खपून, गाठीचे पैसे घालून एक व्हिडिओ केला, हाती जाहिरातींचे मोजकेच आले, तेव्हा त्यांनी २०१३ मध्ये पेट्रिऑन काढलं, रसिकांनी कलावंताला थेट दरमहा काहीतरी द्यावं म्हणून. म्हणजे अण्णांचा प्रश्न खोटा नाही. तो सगळ्यांनाच पडतो. फक्त तो पहिला विचारायचा नसतो.

वाटी वाटीने जाताना दह्याचं भलतंच काहीतरीही होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी त्या व्हिडिओतला आजीचा एवढाच तुकडा कापून, खाली डीजेचा ठोका घालून, हसऱ्या तोंडांची चित्रं चिकटवून फिरवला. खलबत्ता गेला, शिट्टी गेली, आई गेली. तोही लाखात बघितला गेला म्हणे. मुलाला त्यातही आनंद होता, “पोचलं तर खरं.” आईला तो आवडला नाही. ती मला जिन्यात म्हणाली, “सासूबाई देवाचं म्हणाव्यात तसं म्हणत होत्या हो.” मला दोघांचंही पटलं, आणि दोघांनाही मी काही बोलले नाही.

आणि टिकतं का हे? आमच्याकडे पोळ्यांना येणारी बाई पेठ तालुक्यातली. ती आणि तिचा नवरा दिंडोरीला द्राक्षांच्या कामावर जायचे तेव्हा बागेत, मांडवाखाली, गाण्यांवर व्हिडिओ करायचे. हिरव्या पानांतून उतरलेलं ऊन तोंडावर, डोक्यावर क्रेट, आणि ती अशी सुंदर हसायची. तिला बघणारी हजारोंनी माणसं होती, माझ्याआधी तिला तो मान मिळाला होता. २०२० च्या जूनच्या अखेरीस सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात तिचंही गेलं. सरकारचं कारण सरकारजवळ. तिने मोबाइल पुढे करून मला विचारलं, “ताई, आता हे कुठं बघायचं?” मी काय सांगणार? पोळी तव्यावर टाकत म्हणाली, “त्यात आमचं घर होतं, पत्रे बदलायच्या आधीचं.” मला ओझरचा मांडव आठवला. एका कॅसेटवर दहा-बारा माणसांनी पाहिलेलं, एका अ‍ॅपवर हजारोंनी पाहिलेलं, पुसलं जायला सारखाच वेळ लागतो.

आजी परत गावी गेल्यावर तिला फोनवर नातवाने आकडा सांगितला. ६ लाख म्हणजे किती हे त्याने सटाण्याच्या बाजाराच्या हिशेबात, यात्रेच्या हिशेबात समजवायचा प्रयत्न केला. आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “यासमा आपला गावना कितला शेतस?” त्यांतले आपल्या गावचे किती? तो हसत हसत हे मला सांगत होता. मी हसले नाही. ते ६ लाख लोक मीही डोळ्यांसमोर आणून बघितले होते, आणि ते अण्णांच्या नोटांसारखेच वाटले होते, समोरून सरसर जाणारे.

गेल्या रविवारी दादा आला. आता इंदिरानगरला असतो, झेरॉक्सचं दुकान आहे, गुडघे धरतात. शूटिंग सोडून पुष्कळ वर्षं झाली. हॅलोजन बरीच वर्षं माळ्यावर होता, मग भंगारात गेला. मी त्याला व्हिडिओ दाखवला. मुद्दाम आकड्यावर बोट ठेवलं. त्याने बोट बाजूला केलं. मोबाइल हातभर लांब धरून, चष्मा कपाळावर सरकवून तो बघत राहिला. संपल्यावर परत लावला. आजी आली तिथे थांबवला.

“लाइट कुणी धरलाय?”

मी म्हटलं, “लाइट कसला? ऊन आहे. संध्याकाळचं.”

“ऊन मागून आहे गं. खुर्चीची सावली बघ, पुढे पडलीये. मग म्हातारीच्या तोंडावर उजेड कुठून आला?” तो परत बघायला लागला. कडव्याच्या मध्ये, ट्रॉली वळते तिथे, त्याने पुन्हा थांबवलं आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. चौकटीच्या डाव्या कडेला पांढरं काहीतरी, नखाएवढं. थर्मोकोलचा कोपरा. आणि त्या कोपऱ्यावर चार बारीक बोटं, मेंदीचा रंग अर्धा उतरलेली, इतकी घट्ट रोवलेली की थर्मोकोल तिथे चेपलाय. “ही बघ,” दादा म्हणाला. “थकलीये. खाली यायला लागलाय बोर्ड.” मग बराच वेळ काहीच बोलला नाही. चहा निवला.

मी त्या दिवशी गच्चीवर सगळा वेळ होते. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल डोक्यावर धरून ती नऊ वर्षांची मुलगी नऊच्या नऊ वेळा टाकीजवळ उभी होती, माझ्यापासून पाच हातांवर. मी कावळे हाकत होते.

संध्याकाळी डब्यात तळलेल्या कुरडया घेऊन खाली गेले. दार तिनेच उघडलं. भाऊ क्लासला, आई आत. मी उंबऱ्यातच विचारलं, “हात दुखले का गं त्या दिवशी?” तिला आधी कळेना कुठला दिवस. मग कळलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की जणू कुणीतरी हे विचारेल म्हणून ती थांबलीच होती. “खूप!” म्हणाली. “पण दादा सारखा जरा वर, जरा वर म्हणत होता, मग मी ना काकू, अशी भिंतीला पाठ लावली, आणि असं...” आणि दारातच टाचा उंचावून, दोन्ही हात डोक्यावर ताठ करून, ती मला दाखवायला लागली.